नसलेली पाखरं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. थोरल्या भावाला सांगायची गरज पडली नाही — का, ते पुढे येईल. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच नाही. आता तुम्ही समोर बसला आहात असं धरून चालतो. चहा झालाय, पंखा फिरतोय, बाहेर लातूरचं दुपारचं ऊन आहे आणि तुम्हाला कुठे जायची घाई नाही. मला मात्र थोडा वेळ लागेल. वर्गात मी पहिल्याच वाक्याला मुद्द्यावर येतो. इथे ते जमेलसं वाटत नाही.

मी गणिताचा मास्तर. त्यातही जीव संख्याशास्त्रात. आमचं लातूर म्हणजे शिकवण्यांचं गाव — चौकाचौकांत गुणवंत पोरांचे फोटो आणि खाली कोपऱ्यात आम्हा मास्तरांचे. तिथे कुठेतरी मीही असतो, आहेत त्यापेक्षा जास्त केस असलेला. पोरं म्हणतात, सरांपुढे तक्ता ठेवला की सर जेवण विसरतात. खरं आहे ते. पण एक तक्ता असा आहे की तो दरवर्षी निघतो, दरवर्षी मी तो दार लावून उघडतो. देशोदेशीच्या छोट्या खासगी विमानांच्या अपघातांचा तक्ता.

हसलात ना? रेणापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या पोराचा आणि विमानांचा काय संबंध — हेच ना? ऐका तर.

आधी तो तक्ता कसा वाचायचा ते सांगतो, कारण माझं पाप त्या वाचण्यातच आहे. मोठं प्रवासी विमान पडलं की सगळ्या जगाला कळतं. छोट्यांचं तसं नसतं. दोन खुर्च्यांची, चार खुर्च्यांची, शिकाऊ पोरं चालवतात ती, कुणा हौशी माणसाने विकत घेतलेली. त्यांचा हिशेब वर्षाच्या शेवटी निघतो. नवखा माणूस काय करतो? यंदाचा आकडा बघतो, गेल्या वर्षीचा बघतो, ‘वाढला की’ म्हणतो आणि घाबरतो. अरे, पण यंदा ही विमानं उडाली किती तास? तास दुपटीने वाढले आणि अपघात थोडेच वाढले, तर उडणं धोक्याचं झालं की सुरक्षित? शिवाय हे आकडे मुळातच इतके लहान असतात की दोन-चार इकडचे तिकडे झाले तरी आलेख टुणकन उडी मारतो. त्या उडीला काही अर्थ असेलच असं नाही. हे सगळं मी वर्गात अगदी रंगवून सांगतो.

मग कारणांचे रकाने. हवामान, इंजिन, पक्षी, वैमानिकाची चूक. उतरतानाचे अपघात घेतले तर या शेवटच्या रकान्यात सगळ्यात जास्त गर्दी. आणि हा रकाना कधीकधी कसा भरत असेल, याचा विचार केलाय? इंजिन ठीक होतं. वारा ठीक होता. पक्ष्याचं पीसही सापडलं नाही. मग उरलं कोण? चालवणारा.

पण खरं सांगू? तो तक्ता पहिल्यांदा हातात आला तेव्हा मला भीती वाटलीच नव्हती. मी थक्क झालो होतो. एवढी माणसं, एवढ्या हलक्या यंत्रांत बसून, एवढे तास आभाळात — आणि त्यातली बहुतेक सगळी संध्याकाळी घरी जेवायला. पडलेल्यांचे आकडे वाचता वाचता मला न पडलेली दिसायला लागली. त्यांच्यासाठी तक्त्यात रकानाच नसतो.

आता तो माझ्या हातात आला कसा, ते.

आमच्या गावच्या शिवाराला लागून एक धावपट्टी आहे. गावाचं नाव सांगत नाही, पट्टीचंही नाही. माझ्या लहानपणी ती नुसती पडून असायची. कधीतरी एखादं विमान यायचं, तेही पुढाऱ्याचं. बाकी सगळा वेळ ती गावाची. आणि शेतकऱ्याला डांबराची एवढी लांब, सपाट, तापलेली जागा मिळाल्यावर तो तिथे काय करेल? धान्य वाळत घालेल. सोयाबीन, तूर, हरभरा. खळ्यावर जे चार दिवस ओलं राहतं ते डांबरावर एका उन्हात खडखडीत होतं. प्रत्येक घराची जागा ठरलेली. कुणी आखून दिलेली नव्हती, पण लग्नातल्या मानपानासारखी पक्की. आमची पूर्वेच्या टोकाला, बाभळीच्या अंगाला.

पुढे तिथे विमान चालवायला शिकवणारी शाळा आली. तारेचं कुंपण आलं. शाळेचे मुख्य प्रशिक्षक मोठे सभ्य गृहस्थ. एकदा सुट्टीत मी गावी असताना घरी आले आणि म्हणाले, तुम्ही इथलेच, शिकलेले, लोक तुमचं ऐकतात. धान्य आलं की पाखरं येतात आणि पाखरं आली की आमची पोरं धोक्यात. तेवढं समजावून सांगा. जाताना तो वार्षिक अहवाल माझ्या हातात ठेवून गेले.

मी मारुतीच्या पारावर गाव जमवलं आणि बोललो. काय बोललो म्हणता! तक्ता उघडून, रकान्यावर बोट ठेवून, पाखराचं वजन किती आणि विमानाचा वेग किती ते फळ्याशिवाय मांडलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, “पाखरानं इमान पडतंय का सर?” मी म्हटलं, पडतं. तेवढ्यावर लोकांनी ऐकलं. पुढच्या हंगामापासून पट्टीवर एक दाणा नाही. माझ्या भावाने — दादाने — आमची पूर्वेकडची जागा स्वतःच्या हाताने झाडून काढली. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा. आकड्यांनी माणसं बदलतात हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि ती विमानं! शेतात उभं राहून मी बघायचो. आमच्या ट्रॅक्टरपेक्षा हलकी. दार म्हणावं तर भांड्यांच्या कपाटाचं. ते एवढंसं काहीतरी पट्टीवरून धावत यायचं आणि एका क्षणी त्याची सावली त्याच्यापासून सुटायची. बस, एवढंच. सावली सुटली की माझ्या अंगावर काटा यायचा. दादा म्हणायचा, मास्तर, तुमचं तोंड उघडं राहिलंय.

आता प्रणिता. हे तिचं खरं नाव नाही, पण ती वाचेल तर पहिल्या दोन ओळींतच ओळखेल.

ती हदगावकडची. घरी कापूस, सोयाबीन. बाकी सगळ्यांसारखी तीही डॉक्टर व्हायला लातूरला आली, पण गणितही घेतलेलं म्हणून माझ्या वर्गात बसली. वर्गात मी तो विमानांचा तक्ता घेतला त्या दिवशी सगळी पोरं आकडे उतरवून घेत होती आणि ही नुसती बघत होती. तास संपल्यावर आली. म्हणाली, “सर, ह्यातली न पडलेली कुठं लिहितात?” जे मला या वयात सुचलं ते या पोरीने पहिल्या झटक्यात विचारलं. मी म्हटलं, कुठेच नाही, ती तू मोजायची.

वर्षभराने तिने घरी सांगून टाकलं की विमान चालवायचंय. तिचे वडील एसटीने लातूरला माझ्याकडे आले. पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांना एकच विचारायचं होतं — पोरगी जगेल ना? मी तोच अहवाल काढला. त्यांना तास समजावले, दर समजावला, आकडा मोठा दिसला तरी तो कशाने भागायचा ते समजावलं. प्रामाणिकपणे समजावलं. धोका आहे, पण किती आहे तेही सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही म्हणता तर जाऊ द्या. आणि योगायोग बघा — शिकायला ती आली ती आमच्याच पट्टीवर.

म्हणजे तिला आभाळात पाठवण्यात माझा हात होता. हे ध्यानात ठेवा.

त्या वर्षी परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत हटेना. मी सुट्टीला गावी गेलो होतो. दादा वहिनीला घेऊन नांदेडला दवाखान्यात गेला होता आणि जाताना मला एकच काम सांगून गेला होता — बियाण्याचं सोयाबीन सांभाळ. पुढच्या पेरणीसाठी त्याने निवडून वेगळं ठेवलेलं ते. ओल धरलेलं. हात घातला की आतून गरम लागत होतं. आणखी एक दिवस असंच राहिलं तर मोड येणार. त्या दिवशी सकाळी ऊन पडलं, लख्ख. अंगणात चिखल, खळ्यावर चिखल. आणि कुंपणापलीकडे ती काळीभोर, वाफा टाकत कोरडी झालेली पट्टी.

मी काय केलं असेल सांगा? मी शक्यता काढली. खरंच. बाभळीखाली उभं राहून, मनातल्या मनात. या दिवसांत वारा पूर्वेकडून असतो आणि विमान वाऱ्याला सामोरं उतरतं, म्हणजे ती पश्चिमेच्या टोकाला टेकणार. आपलं टोक त्यांच्या कामाचं नाही. दुपारी फारशी उडतही नाहीत. एका दिवसाचा प्रश्न. सगळं एकत्र धरून उत्तर नगण्य आलं. पुराने कुंपण वाकलं होतं तिथून मी पोतं आत ओढलं, पट्टीच्या टोकाशी ताडपत्री अंथरली आणि बी पसरलं. पिवळंधमक. ज्या जागेबद्दल पारावर भाषण ठोकलं होतं, नेमक्या त्याच जागी.

दुपारपर्यंत पारवे आले. आधी थोडे, मग थवाच. मी बाभळीखाली बसून बघत होतो. उठून हाकलावं असं वाटलं — वाटलं हो — पण ऊन चढलं होतं, डोळे मिटत होते, आणि दाणे खाऊन खाऊन किती खातील?

वारा कधी फिरला ते मला कळलंच नाही.

आवाज आला तो पाठीमागून, बाभळीच्या वरून. मी मान वर केली तर विमान पूर्वेकडून उतरत होतं. इतकं खाली की चाकाची नक्षी दिसावी. आणि त्याच क्षणी ताडपत्रीवरून सगळा थवा उठला.

पुढचं मी आयुष्यात विसरणार नाही, आणि त्यात फक्त भीती नव्हती. विमान आणि पारवे एकाच हवेत होते. विमानाने नाक किंचित उचललं, एक पंख झुकवला — जशी बाई दारातून हंडा घेऊन निघताना खांदा तिरका करते ना, तसा — आणि ते थव्यातून पार झालं. पारवे दोन्ही अंगांनी फुटून गेले. एकालाही धक्का लागला नाही. एकालाही. मी तेव्हाही तोंड उघडं टाकून बघत होतो. मग मात्र त्या झुकलेल्या विमानाला हवेने सोडलं. ते डांबरावर आदळलं, उसळलं, पट्टी सोडून कडेच्या काळ्या मातीत नाक खुपसून थांबलं. नाकावरचा पंखा वाकला. आणि सगळीकडे असं शांत झालं की पारव्यांचे पंख ऐकू येत होते.

सगळ्यात जवळ मी होतो. काचेआड कुणीतरी हललेलं मला दिसलं. पलीकडच्या टोकाकडून माणसं ओरडत धावत निघालेली दिसली, मागून जीप.

मी विमानाकडे धावलो नाही. ताडपत्रीकडे धावलो.

चारही टोकं धरली आणि सगळं ओढत बाभळीमागच्या नाल्याच्या उतारावर नेलं. वर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या. सांडलेले दाणे खांद्यावरच्या टॉवेलने झाडले. काम व्यवस्थित झालं. मग मी विमानाकडे धावलो, आणि धापा टाकत पोहोचलो तेव्हा कुणीतरी म्हणालं, सर बिचारे शेतातून पळत आले. मला प्यायला पाणी दिलं. ते मी प्यायलो.

ती प्रणिता होती. एकटीच उडत होती. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, कपाळावरून रक्त. तिला उचलून नेताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “सर, पाखरं होती. पिवळ्यावरून उठली.” मी म्हटलं, बोलू नको बाळा.

चौकशीला माणसं आली. पट्टी वरपासून खालपर्यंत फिरली. पीस सापडलं नाही, रक्ताचा डाग नाही, विमानाच्या अंगावर ओरखडा नाही. सापडणार कसं? तिने एकही पारवा मारला नव्हता. इतकं अचूक चालवलं होतं तिने, की तिच्या बाजूने बोलायला एक मेलेलं पाखरूसुद्धा उरलं नाही. पट्टीच्या राखणदाराने सांगितलं, आमच्या गावात कुणी पट्टीवर धान्य घालत नाही, सरांनीच बंद केलंय. माझंच भाषण माझ्या कामी आलं.

दादा परत आला. रात्री नाल्यावरून आणून मी गोठ्यात ठेवलेली ताडपत्री त्याने बघितली. डांबराचे खडे चिकटलेले होते. तो बराच वेळ त्यावर हात फिरवत होता.

“पट्टीवर घातलं हुतंस का?”

“हाव.”

“पोरगी वाचली का?”

“वाचली.”

“ह्ये बी पेरायचं न्हाई,” एवढंच तो म्हणाला, आणि ते निवडून ठेवलेलं बियाणं त्याने जनावरांपुढे टाकलं. त्यानंतर आजतागायत त्याने तो विषय काढलेला नाही. मला ‘मास्तर’ म्हणायचा, तेही तेव्हापासून बंद झालं.

तुम्हाला वाटत असेल, झालं, हाच तो अपराध. भित्रेपणा केला, दाणे लपवले. नाही हो. तेवढंच असतं तर मी केव्हाच सांगून मोकळा झालो असतो. माणूस घाबरतो, लपवतो, त्यावर लोक एक वेळ मान डोलावतात. मी पुढे जे केलं ते घाबरून केलेलं नव्हतं. ते मी शांतपणे, खुर्चीत बसून, माझ्या विद्येने केलं.

थोड्या दिवसांनी ती लातूरला माझ्या घरी आली. हात गळ्यात बांधलेला. तोच तक्ता तिने सोबत आणला होता. तिने काय विचारलं ते तिच्याच शब्दांत सांगतो, कारण ते माझ्या कानातून गेलेलं नाही.

“सर, मला पाखरं दिसली वो. पिवळं दिसलं आणि त्याच्यावरून पाखरं उठली. पण सगळे म्हणून राहिले की नव्हतीच. आता मलाच कळून नाही राहिलं. तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी मानीन.”

बघा, ती मला साक्षीदार म्हणून विचारत नव्हती. मी तिथे होतो हे तिच्या ध्यानातही नव्हतं — पळत आलेला माणूस एवढाच मी तिच्या लेखी. ती मला मास्तर म्हणून विचारत होती. तक्त्याचा अर्थ सांगा म्हणत होती. आणि मी सांगितला.

मी तो तक्ता टेबलावर उलगडला. म्हटलं, हे बघ, उतरतानाचे अपघात. यात पक्ष्यांमुळे किती आणि चालवणाऱ्याच्या हातून किती? तिने दोन्ही रकाने बघितले. म्हटलं, आता पुरावा एकही नाही, तर तुझा अपघात कुठल्या रकान्यातला असण्याची शक्यता जास्त? ती हुशार होती. मीच तयार केलेली होती. तिने मनात भागाकार केला आणि तिचा चेहरा उतरला. मी थांबलो नाही. म्हटलं, मार बसला की मन मागाहून कारण तयार करतं, तो खोटेपणा नसतो, मेंदूच तसा असतो. पिवळं काय, तर दुपारचं ऊन तापल्या डांबरावर. सगळं पटेल असं होतं. यातलं एकेक वाक्य कुठल्याही वर्गात बरोबर ठरेल.

फक्त एक गोष्ट मी तिला सांगितली नाही, जी मी पहिल्या तासाला सगळ्यांना शिकवतो. ज्याने पाहिलेलं नाही त्याच्यासाठी शक्यता असते. ज्याने पाहिलंय त्याला शक्यता काढावी लागत नाही. तिने पाहिलं होतं. मी पाहिलं होतं. त्या खोलीत शक्यतेची गरज असलेलं कुणीच नव्हतं.

ती उठली तेव्हा वाकून माझ्या पाया पडली, एका हाताने. म्हणाली, बरं झालं सर, आता डोकं शांत झालं. आणि जाऊन तिने आपला जबाब बदलला — पक्षी होते असं खात्रीने म्हणता येत नाही. तिच्या वडिलांचा फोन आला. आभार मानायला.

पुढच्या वर्षीचा अहवाल आला. मी वैमानिकाच्या चुकांच्या रकान्यावर बोट ठेवून बसलो. त्यातला एक माझा होता. बाहेरून काही दिसत नाही हो, सगळे एकसारखेच असतात. मग मला दुसरीच भीती वाटायला लागली — यातले बाकीचे कुणाचे असतील? कुठल्या देशात, कुठल्या पट्टीच्या टोकाला, कोण कोण टॉवेलने झाडून गेलं असेल? ज्या तक्त्यापुढे मी एकदा थक्क होऊन बसलो होतो त्याच्यापुढे आता मान वर होत नव्हती.

ती खचली नाही, हे सांगायलाच हवं. हाड जुळलं आणि ती परत उडाली. शिकली, परवाना मिळवला, बाहेर कुठे कुठे विमानं चालवली, आणि आता ती स्वतः शिकवते — त्याच पट्टीवर. गेल्या दिवाळीत घरी येऊन म्हणाली, सर, एकदा तरी तुम्हाला वर न्यायचंय. रीतसर परवानगी काढली. मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंही नव्हतं.

तिने मला शेजारी बसवलं, पट्टा स्वतः आवळला. दार लावलं तर खरंच कपाटासारखं वाजलं. पट्टीवरून धावलो, आणि एका क्षणी खालची खडखड थांबली. आमची सावली सुटली. आयुष्यभर बाहेरून पाहिलेली ती गोष्ट आतून अशी असते होय? काही झालंच नाही असं वाटतं, आणि जमीन नुसती खाली राहते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मांजरा नदी चांदीच्या तारेसारखी. रेणापूर हाताच्या पंजाएवढं. कुठे काळं रान, कुठे हिरवं, आणि या सगळ्यावर आम्ही दोघं, एका पत्र्याच्या डबीत, तिच्या दोन बोटांवर. किती हलके हात होते तिचे! त्या दिवशी याच हातांनी ती थव्यातून गेली होती. मला ते सांगावंसं वाटलं. तिला सांगावंसं वाटलं की मी तुला पाहिलंय, त्यासारखं काही मी पुन्हा पाहिलं नाही.

ती वळली आणि खाली बोट दाखवलं. गावाबाहेरच्या सडकेवर कुणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं. वरून ते पिवळं इतकं स्पष्ट दिसतं — काय सांगू तुम्हाला, आंधळ्यालाही चुकणार नाही. आणि त्याच्या कडेने बारीक काळे ठिपके उठत होते, बसत होते.

“सर, त्या दिवशी मला हुबेहूब असं दिसलं होतं,” ती हसत म्हणाली. “नसलेलं. मन काय काय करतं ना?”

माझं तोंड उघडलं. तसंच राहिलं. तिला वाटलं मी खालचं बघून थक्क झालोय.

उतरल्यावर तिने मला तिच्या शिकाऊ पोरांपुढे नेलं. म्हणाली, हे माझे सर. मला एकदा उतरताना नसलेली पाखरं दिसली होती, मी नाहक विमान झुकवलं आणि आपटलं. यांनी मला तक्ता घेऊन समजावलं. म्हणून सांगते, शेवटच्या क्षणी काही दिसल्यासारखं वाटलं तर डोळ्यांवर जाऊ नका, सरळ टेका. पोरांनी ते लिहून घेतलं. एकेक करून माझ्या पाया पडली. मी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला.

ती पोरं रोज उडतात. परतीचा पाऊस यंदाही लांबलाय. कुंपण पूर्वेकडे अजून वाकलेलं आहे, आणि ज्या वर्षी मी भाषण केलं त्या वर्षी जन्मलेली पोरं आता शेती बघायला लागली आहेत. त्यांना ते भाषण ठाऊकही नाही. यंदाचा अहवाल निघेल तेव्हा मी पक्ष्यांचा रकाना आधी बघेन.

प्रणिता, पाखरं होती. पारवे होते. तू पिवळं पाहिलंस ते सोयाबीन होतं आणि ते मी घातलं होतं. तू त्या थव्यातून विमान काढलंस आणि एकाही पारव्याला तुझा पंख लागला नाही. मी बाभळीखाली होतो. मी पाहिलं.